बिनउंबरठ्याचं घर

गल्लीत सगळे तिला मास्तरबाई म्हणत. शाळेशी तिचा संबंध एवढाच, की निम्म्या गल्लीच्या पोरांचे गणवेश ती शिवायची. कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात. ही बेतणारी बाई, म्हणून मास्तरबाई. नवऱ्याने जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली. निवृत्तीला थोडाच अवकाश होता, आणि एका सकाळी ड्यूटीवर निघताना बुटाची नाडी बांधता बांधता तो वाकला तो वर उठलाच नाही. जीव वाचला, वाचाही वाचली. उजवं अंग मात्र कायमचं गेलं.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, लिफ्टचं नाव नाही. दवाखान्यात न्यायचं झालं की शेजारपाजारचे धडधाकट बाप्ये त्याला चाकाच्या खुर्चीसकट उचलून खाली न्यायचे. एकदा जिन्याच्या वळणावर एकाचा पाय सटकला. खुर्ची कलंडली, कठड्याला अडकली म्हणून निभावलं. खाली पोचल्यावर खुर्चीतला ड्रायव्हर म्हणाला, "बाबांनो, वळणावर वेग कमी करायचा असतो, एवढं तरी पाळा." सगळे हसले. घरी परत आल्यावर, माणसं निघून गेल्यावर, तो बायकोला हळूच म्हणाला, "यापुढे डॉक्टरलाच वर बोलाव. मी उतरणार नाही."

आणि खरंच उतरला नाही. दिवसभर खिडकीशी बसायचा. खालून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून सांगायचा, ह्याचा क्लच गेलाय, त्याचे ब्रेक घासतायत. मास्तरबाई मशीन चालवता चालवता हुं हुं करायची. एक दिवस तिच्या लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत तिला हुं म्हणावंच लागलेलं नाही. खिडकी तीच होती, गाड्याही त्याच होत्या. माणूसच गप्प झाला होता.

तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"आपल्या प्लॉटवर घर बांधायचं."

शहराच्या कडेला दोघांनी उमेदीच्या काळात एक तुकडा घेऊन ठेवला होता. त्यावर गवताशिवाय काही उगवलं नव्हतं.

"कोण बांधणार? तू?" ड्रायव्हरने विचारलं.

"बांधणारा शोधायचा."

"या वयात घर बांधायला निघालीस. लोक काय म्हणतील?"

"लोक जिन्यावर राहत नाहीत. एकच मजला. दारं रुंद. उंबरठा कुठेही नाही. तुम्ही कुणाला हाक न मारता आपल्या खुर्चीतून आपल्या दाराबाहेर जायचं. मला एवढंच घर पाहिजे."

संसारात ही बाई एकदा ठरवलं की मागे हटत नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं.

बातमी धाकट्या दिराला कळली आणि तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला. दीर मनाचा चांगला, पण कुठल्याही कामात आधी उडी आणि मग विचार, असा त्याचा स्वभाव. "वहिनी, तुम्ही कशाला वणवण करता? आपला शेठ आहे ना, घरं बांधणारा. माझा शाळेपासूनचा मित्र. डोळे मिटून काम द्या."

"डोळे उघडे ठेवून दिलं तर चालेल ना, भावजी?"

"तुम्ही पण ना, वहिनी," म्हणून तो हसला, आणि तिला शेठच्या ऑफिसात घेऊन गेला.

जाण्याआधी मास्तरबाईने एक काम केलं. खोलीतलं सामान भिंतीला सरकवलं, जमिनीवर खाकी कागद चिकटवून अंथरला आणि नवऱ्याला सांगितलं, "खुर्ची इथल्या इथे गोल फिरवा." तो एका हाताने जमेल तशी फिरवत गेला आणि ती चाकांच्या बाजूने खडूने रेघ ओढत गेली. मग कात्रीने तो गोल कापून काढला. माणसाचं माप घ्यावं तसं तिने खुर्चीचं माप घेतलं होतं.

शेठचं ऑफिस थंडगार होतं. त्याने कॉम्प्युटरवर घराचं चित्र दाखवलं. दारात हिरवळ, हिरवळीवर कुत्र्याला फिरवणारा एक तरुण.

"हा कोण?" तिने विचारलं.

"तो नुसता दाखवायला असतो, वहिनी."

तिने कागदाचा गोल टेबलावर पसरला. न्हाणीघरात एवढी मोकळी जागा हवी. होऊन जाईल. दारं इतकी रुंद. होऊन जाईल. कुठेही उंबरठा नको. होऊन जाईल. आणि न्हाणीघराची जमीन अगदी सपाट हवी, पाटासारखी, खुर्ची घरंगळायला नको. "होऊन जाईल, वहिनी. तुम्ही निश्चिंत राहा." बोलता बोलता शेठने चहाचा कप तिच्या कागदावर ठेवला.

दीर अभिमानाने तिच्याकडे बघत होता. मास्तरबाईला शेठ वाईट वाटला नाही. गोड बोलत होता, पटापट हो म्हणत होता. तिला फक्त एक पाहायचं होतं.

"तुमचं एखादं अर्धवट बांधलेलं घर दाखवता? प्लास्टर व्हायच्या आधीचं. मी कपडा घेताना आधी उलटा करून बघते, त्याशिवाय मला चैन पडत नाही."

"अर्धवट काय बघायचं त्यात? सगळा राडा असतो. पुरं झालेलं दाखवतो ना," शेठ म्हणाला, आणि गाडीत घालून त्याने दोन चकचकीत घरं दाखवली. एकात तिने न्हाणीघरात जाऊन कागद अंथरून पाहिला; तो दोन्ही भिंतींवर चढला. शेठ म्हणाला, "तुमचं मोठं करू की." ती बरं म्हणाली. घरी येताना दीर विचारत होता, मग कधी सुरू करायचं, आणि ती खिडकीबाहेर बघत होती. नाही म्हणायला तिच्याकडे काही कारण नव्हतं. हो म्हणायला जीभ उचलत नव्हती.

त्याच आठवड्यात दाताचे डॉक्टर कोट सैल करून घ्यायला आले. बोलता बोलता घराचा विषय निघाला.

"कुणालाही द्या काम," डॉक्टर म्हणाले, "पण त्या ओळंब्याला देऊ नका."

"ओळंबा?"

"इंजिनीअर बाई आहे एक. उंच, काटकुळी, आणि पिशवीत कायम तो गवंड्यांचा ओळंबा. भिंत दिसली की दोरी सोडून बघणार, सरळ आहे की नाही. तोंडाने त्याहून सरळ. मला हॉलला भिंतभर खिडकी हवी होती. नाही म्हणाली. व्हरांड्यावर खोली चढवायची होती. नाही म्हणाली. एकदा विटा पसंत पडल्या नाहीत म्हणून अख्खा ट्रक परत पाठवला आणि काम बंद. माझं घर, आणि हुकूम तिचा. शेवटी आमचं बोलणंच बंद झालं."

"घर कसं आहे?"

डॉक्टर कोटात हात घालता घालता थांबले. "घराला काही नाही."

"नंतर कधी काही बिघडलं?"

"मागच्या वर्षी भिंतीतला पाइप गळायला लागला. मी काही फोन केला नाही. बायकोने केला. बाई आली, दिवसभर बसून काम करून घेतलं, मी समोरून गेलो तर कपाटाकडे बघावं तसं बघितलं आणि निघून गेली."

"पाइप?"

"पाइप ठीक आहे. प्रश्न पाइपचा नाही, वागण्याचा आहे."

मास्तरबाईने कोटाच्या पाठीवर टाचण्या लावल्या. "डॉक्टर, त्यांचा पत्ता द्या."

"अहो, मी आतापर्यंत काय सांगतोय तुम्हाला?"

"तेच ऐकलं," ती म्हणाली.

इंजिनीअर बाई एका अर्धवट घरावरच भेटली. भिंती उभ्या होत्या, प्लास्टर नव्हतं, जमिनीवर वाळू पसरलेली. चाळिशीची असेल. मास्तरबाईने आपण कोण, काय हवंय ते सांगितलं आणि विचारलं, "मी जरा फिरून बघू?"

"बघा. खिळ्यांवर पाय देऊ नका."

कुणी मागे मागे आलं नाही. मास्तरबाई एकेका खोलीत शिरली. विटांचे थर एका रेषेत, सांधे भरलेले, कोपऱ्यात कुठे दगडगोटे कोंबून वेळ मारून नेलेली नाही. बांधकामातलं तिला फारसं कळत नव्हतं. पण कुणी बघणार नाही अशा जागी हाताने कसं काम केलंय, ते ओळखायची तिला सवय होती.

परत येऊन तिने आपल्या गरजा सांगितल्या. दारं, मोकळी जागा, उंबरठा नको. बाई ऐकत होती, मध्येच मान हलवत होती.

"आणि न्हाणीघराची जमीन अगदी सपाट."

"पाणी कुठे जाईल?" बाईने विचारलं.

"म्हणजे?"

"सपाट ठेवली तर पाणी जाळीकडे जाणार नाही, काकू. तिथेच साचेल. शेवाळ धरेल, आणि एक दिवस तुम्ही त्यांना उठवताना दोघंही पडाल. उतार लागेलच. खुर्ची घरंगळणार नाही इतका हलका देता येतो, पण सपाट मी करून देणार नाही."

मास्तरबाईला ओशाळल्यासारखं झालं. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये. मग दुसरी गोष्ट सुचली आणि ओशाळलेपण पार गेलं. शेठला हे ठाऊक नव्हतं, असं कसं असेल? ठाऊक होतं. तरी तो होऊन जाईल म्हणाला. म्हणजे बाकीच्या सगळ्या होऊन जाईलचा अर्थ काय होता?

"काम कधी सुरू कराल?" तिने विचारलं.

"मी अजून घेतलेलं नाही," बाई म्हणाली. "आधी राहणाऱ्याला भेटते. मग जमीन बघते. मग सांगते."

दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावर आली. ड्रायव्हर नेहमीसारखा खिडकीशी. नव्या माणसाला बघून तो उगाच अंगावरची शाल नीट करायला लागला.

"काका, पलंगावरून खुर्चीत कसे येता, दाखवा बरं."

"तमाशा बघायला आलात काय?"

"हो," बाई म्हणाली. "तिकीट नसेल तर बसते."

तो खो खो हसला. मास्तरबाईने हातातली सुई खाली ठेवली. हे हसणं तिने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मग त्याने सगळं दाखवलं. डावा हात पलंगाच्या कडेला कसा रोवतो, अंग कसं झोकतो, संडासात कुठे पकडायला मिळत नाही म्हणून बायकोला हाक मारावी लागते. बाईने त्याला पलंगावर बसवून खुर्ची स्वतः घेतली, उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या हाताने आणि डाव्या पायाने रेटत खोलीभर फिरली. दाराच्या पट्टीशी चाक अडलं. तिने तीनदा जोर लावला, मग थांबली.

"धरायचे दांडे सगळे डाव्या बाजूला येतील," ती म्हणाली. "दारं डाव्या हाताने उघडतील अशी. आणि काका, खिडकी किती खाली हवी? बसल्यावर रस्ता दिसायला हवा ना?"

"रस्ता दिसायला नको," ड्रायव्हर म्हणाला. "रस्त्यावर जायला हवं."

जमीन बघायच्या दिवशी मास्तरबाईने मुद्दाम दिरालाही बोलावलं. त्याच्या पाठीमागे काही करायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. तो आला तो घुश्शातच.

"वहिनी, घरचा माणूस सोडून तुम्ही परक्या बाईला आणता. शेठला मी काय तोंड दाखवू? तो तर पुढच्या सोमवारी पाया खणायला तयार आहे."

"त्याने जमीन बघितली?"

"त्यात काय बघायचं? जमीन ती जमीन."

इंजिनीअर बाईने दोन मजुरांना खड्डा घ्यायला सांगितला. वर छान लाल माती लागली. दीर म्हणाला, झालं समाधान? बाई म्हणाली, अजून खाली. मग मातीचा रंग बदलला. फुटक्या कौलांचे तुकडे निघाले, मग कुजलेली पोती, मग कुणाची तरी गंजलेली बादली. कुदळीचा घाव बसत नव्हता, नुसता आत जात होता. बाईने खड्ड्यात उतरून सळई रोवली. ती लोण्यात जावी तशी गेली.

"भराव आहे," ती वर येऊन म्हणाली. "कधी काळी इथे मोठा खड्डा असणार, कचरा टाकून बुजवलाय. यावर पाया घातला तर घर एका बाजूने बसेल, भिंती चिरतील."

दिराचा विश्वास बसेना. तो बुटासकट खड्ड्यात उतरला. एक पाय घोट्यापर्यंत रुतला, ओढून काढला तर बूट आतच. मोज्यावर उभा राहून तो त्या काळ्या मातीकडे बघत होता.

"मग आता?" मास्तरबाईने विचारलं.

"मागच्या बाजूची जमीन घट्ट आहे का ते बघते. असेल तर घर तिकडे सरकवायचं. पण जागा कमी पडेल. एक खोली सोडावी लागेल."

मागची बाजू घट्ट निघाली. सोडायची खोली कुठली, हे कुणी सांगायची गरज नव्हती. इंजिनीअर बाईने आणलेल्या कच्च्या नकाशात पूर्वेला एक उजेडाची खोली होती, मास्तरबाईच्या शिवणकामाची. पलंगाच्या पायथ्याशी मशीन ठेवून ती आयुष्यभर शिवत आली होती. त्या खोलीत कापडाचे तागे कुठे, आरसा कुठे, सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं. ती प्लॉटभर एक फेरी मारून आली.

"माझी खोली काढा," ती म्हणाली. "मशीन पुढच्या खोलीत बसेल. न्हाणीघरातली बोटभर जागा कमी करायची नाही."

मग ती दिराकडे वळली. "भावजी, तुमचा मित्र तुमच्यासाठी चांगला असेल. मी त्याच्याबद्दल वावगं बोलणार नाही. पण काम मी यांना देणार. तुम्हाला राग आला तर माझ्यावर काढा, दादांवर नको."

दीर एका पायात बूट, एका पायात मोजा, असाच गाडीत बसून निघून गेला. आठवडाभर त्याचा फोन नाही. ड्रायव्हर म्हणाला, "तोडलीस भावाभावांना." थट्टाच होती, पण तिला ती रात्रभर टोचली. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

भिंती कमरेइतक्या आल्या तेव्हा ती एका सकाळी जागेवर गेली, तर दीर पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून नळीने भिंतींना पाणी मारत होता.

"ती बाई म्हणाली, ऊन तापायच्या आत पाणी बसलं पाहिजे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मजुरांवर कोण विसंबणार?"

"चहा आणलाय," मास्तरबाई म्हणाली. त्यावर दोघांचं भांडण मिटलं.

काम सुरळीत झालं असं नाही. सिमेंट अडलं, सुतार आजारी पडला, दाताचे डॉक्टर दोनदा येऊन "मी सांगितलं होतं" म्हणून गेले. आणि एकदा खरीच चूक झाली. न्हाणीघराची चौकट बसली, फरशा लागल्या, मास्तरबाईला सगळं सुरेख दिसत होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तो चौकट उखडून अंगणात पडलेली, भिंतीला भगदाड, आणि इंजिनीअर बाई धुळीने माखलेली.

"हे काय?"

"चूक झाली, काकू. दाराच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या फरशीची जाडी मी धरलीच नव्हती. खुर्ची गेली असती, पण त्यांची बोटं चौकटीला घासली असती. दार रुंद करतेय."

"मला तर कळलंही नसतं."

"त्यांच्या बोटांना कळलं असतं," बाई म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. मास्तरबाई तिथेच विटांच्या ढिगावर बसली. काम दिल्यापासून ती रोज स्वतःला विचारायची, योग्य माणूस निवडला का म्हणून. त्या फोडलेल्या भिंतीसमोर तो प्रश्न मिटून गेला.

घर पुरं झालं. ड्रायव्हरला तिसऱ्या मजल्यावरून शेवटचं खाली उतरवताना दीर स्वतः खुर्चीच्या खालच्या बाजूला होता आणि सगळ्यांवर ओरडत होता. नव्या घरात पहिले काही दिवस ड्रायव्हर खोल्याखोल्यांतून नुसताच फिरला. दारापर्यंत जायचा, बाहेर बघायचा आणि वळायचा. मास्तरबाईने हटकलं नाही. कपडा अंगावर बसायला वेळ लागतो, तसं असेल म्हणाली.

मग एका सकाळी ती मागे कपडे वाळत घालून आत आली, तर पुढचं दार उघडं आणि खुर्ची नाही. तिने हाक मारली. उत्तर नाही. फाटकापर्यंत धावली, रस्ता वळणापर्यंत रिकामा. पायात चपला सरकवून ती निघालीही, आणि फाटकाच्या कडीवर हात ठेवून थांबली. कुणाला न विचारता बाहेर जायचं, असंच तर ती म्हणाली होती. आता मागे धावत गेली तर कुठलं घर बांधलं तिने?

ती परत आली. मशीनवर बसली. एका गणवेशाची बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली.

बऱ्याच वेळाने चाकांचा आवाज आला. ड्रायव्हर घामाने निथळत होता, डावा हात धुळीने काळा झालेला. पण केस बारीक कापलेले, गाल तुकतुकीत, आणि घरभर पावडरचा वास.

"कोपऱ्यावर सलून आहे," तो धापा टाकत म्हणाला. "नंबर लावून बसलो होतो. माझ्या आधी दोघं होते."

"सांगून जायचं नाही?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

ती उठली. त्याच्या मानेवर चिकटलेले केस पदराने झटकले. मग त्याला समोर धरून, कपडा घातलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं एकदा नीट बघितलं.

"उजव्या कानामागे थोडे लांब ठेवलेत त्याने," ती म्हणाली. "उद्या जाऊन सांगा त्याला."